हेडफोन-स्पीकरची हौशी परीक्षणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हेडफोन, इयरफोन, स्पीकर, डॅक (डिजिटल संगीताचे विद्युत संकेतात रूपांतर करणारे उपकरण), ॲम्प (तो संकेत वाढवणारे उपकरण) यांच्याबद्दल आज पगारी पत्रकारांपेक्षा हौशी माणसे कितीतरी जास्त लिहितात. कुणी पहिल्या पगारातून घेतलेल्या इयरफोनवर लिहितो, कुणी निवृत्तीनंतर जमवलेल्या स्पीकरवर. हे लेखन मी अनेक वर्षे वाचत आलो आहे, स्वतः लिहितो, आणि त्याचा दर्जा वाढावा असे मला मनापासून वाटते. लोक मला जे विचारतात, त्याची उत्तरे इथे एका ठिकाणी दिली आहेत.

आवड ज्याची त्याची. मग एक परीक्षण चांगले आणि दुसरे वाईट असे कसे म्हणायचे?

आवड ज्याची त्याची हे मान्य. पण परीक्षण लिहिणारा नुसती आवड सांगून थांबत नाही. ती कशामुळे झाली हेही त्याने सांगायचे असते, आणि तेही दुसऱ्याला पडताळता येईल अशा रीतीने. "बेस जबरदस्त आहे" या वाक्याचे वाचकाने करायचे काय? "डग्ग्याचा घुमार मूळ ध्वनिमुद्रणात चटकन आवरतो, इथे तो पुढच्या मात्रेपर्यंत रेंगाळतो, माझ्या जुन्या हेडफोनवर तसे होत नाही" असे लिहिले, तर वाचक तेच ध्वनिमुद्रण लावून पाहू शकतो. ज्याला तसा सैल, भरगच्च बेस आवडतो, तो हेच वाक्य वाचून ती वस्तू आनंदाने विकत घेईल. लेखकाचे मत पटले नाही तरी ज्याचा उपयोग होतो, ते परीक्षण चांगले. पुढच्या सगळ्या उत्तरांत हीच कसोटी लावली आहे.

परीक्षणाची ही पद्धत आली कुठून?

बरीचशी अमेरिकेतून. तिथल्या खपाच्या मासिकांत उपकरणांची मोजमापे छापून यायची. 'स्टिरिओ रिव्ह्यू'साठी वर्षानुवर्षे चाचण्या करणारे ज्युलियन हर्श हे त्या परंपरेतले मोठे नाव. आकडे चांगले तर ॲम्प चांगला, असा एकूण सूर. 'हाय फिडेलिटी' मासिकात काम केलेल्या जे. गॉर्डन होल्ट यांना हे अपुरे वाटले. त्यांनी १९६२ मध्ये 'स्टिरिओफाइल' काढले. उपकरण घरी जोडायचे, संगीत लावायचे आणि जे ऐकू येईल ते शब्दांत मांडायचे, ही त्यांची रीत. १९७३ मध्ये हॅरी पीअरसन यांनी 'द ॲब्सोल्यूट साउंड' सुरू केले. त्यांची कसोटी नावातच होती: खऱ्या सभागृहात, ध्वनिवर्धकाशिवाय वाजणारी वाद्ये. आज विशीतला मुलगा दोन हजारांच्या इयरफोनवर लिहितानाही साउंडस्टेज (आवाजाचा भासणारा रंगमंच), इमेजिंग (कोणते वाद्य कुठे आहे हे कळणे), एअर (वरच्या पट्टीतला मोकळेपणा) हे शब्द सहज वापरतो, ते याच दोन मासिकांच्या वळणाने रूढ झाले.

याच होल्ट यांनी २००७ मध्ये, 'स्टिरिओफाइल'ला पंचेचाळीस वर्षे झाली तेव्हा दिलेल्या मुलाखतीत खंत व्यक्त केली होती. ब्लाइंड टेस्टसारखी (कोणते उपकरण वाजते आहे हे न कळता ऐकण्याची चाचणी) साधी प्रामाणिकपणाची अटही हाय-एंडवाल्यांनी, म्हणजे महागड्या उपकरणांच्या जगाने, स्वीकारली नाही, त्यामुळे या छंदाची विश्वासार्हता गेली, असे त्यांचे म्हणणे. कानावर भरवसा ठेवायला शिकवणारा माणूस शेवटी हे सांगून गेला. त्यांच्याकडून आपण शब्द घेतले, शिस्त मागेच राहिली, असे मला वाटते. होल्ट स्वतः वाद्यवृंदांचे ध्वनिमुद्रण करत; मूळ आवाज कसा होता हे त्यांना ठाऊक असे. आपल्यापैकी बहुतेकांकडे तेवढा आधार नसतो, म्हणून लिहिताना जपून लिहायला हवे.

"पडदा बाजूला झाला", "पार्श्वभूमी काळीभोर", "आवाजात जादू आहे". असे लिहूच नये का?

लिहा, पण वाक्य तिथे संपवू नका. "पडदा बाजूला झाला" असे वाटले, तर त्याआधी न ऐकू येणारे नेमके काय आता ऐकू आले? गायिकेने श्वास घेतला तो? पेटीच्या भात्याची हालचाल? तारेवर सरकणारे बोट? एवढे सांगितले की त्या उपमेला आधार मिळतो. नाहीतर एकाच लेखकाच्या लागोपाठच्या परीक्षणांत दर वेळी पडदा बाजूला होत राहतो, आणि गेल्या वेळी ज्याला त्याने पारदर्शक म्हटले होते त्या उपकरणाचे काय, याचा उल्लेखही येत नाही. वाचकाने ते दोन लेख शेजारी ठेवून वाचले तर दोन्हींवरचा विश्वास उडतो.

मग आवाजाचे वर्णन मराठीत करता येते का?

उत्तम करता येते. गाणे-बजावणे करणाऱ्या आपल्या माणसांकडे आवाजासाठी नेमके शब्द आहेत: खणखणीत, बोदा, चिरका, घोगरा, नाकातला, दबका, मोकळा, पातळ, भरीव. तबला बोदा वाजतोय म्हटले की कुणाला समजावून सांगावे लागत नाही. त्यांना मोजमापाची जोड दिली की परीक्षण फारच स्पष्ट होते. माझा ढोबळ हिशेब असा: आवाज पातळ वाटला तर १०० ते २५० हर्ट्झच्या आसपास काहीतरी कमी आहे, मडक्यातून आल्यासारखा घुमतो तर तिथेच काहीतरी जास्त आहे. नाकातला वाटला तर १ किलोहर्ट्झच्या आजूबाजूला उठाव शोधावा. चिरका असेल तर २ ते ५ किलोहर्ट्झ. 'स' आणि 'श' टोचत असतील तर ५ ते ८ किलोहर्ट्झ. आघाताची कड बोथट झाली, तबला बोदा झाला, तर वरची पट्टी दबलेली आहे.

हे आकडे काटेकोर नाहीत. पण "चिरका आहे, विशेषतः तार सप्तकात गायिका जोर लावते तेव्हा" असे लिहिणारा माणूस ऐकत होता, एवढे नक्की कळते.

परीक्षणासाठी कोणते संगीत लावावे?

तुम्हाला पाठ असलेले. परदेशी परीक्षणांत पुन्हा पुन्हा येणारी तीच ती जॅझ आणि रॉकची ध्वनिमुद्रणे केवळ रिवाज म्हणून लावण्यात अर्थ नाही. पण पाठ असणे पुरेसेही नाही. त्या ध्वनिमुद्रणातून काय कळू शकते आणि काय नाही, हे माहीत हवे.

तानपुऱ्याचेच बघा. काळी एकमध्ये लावलेल्या मर्दानी तानपुऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झचा असतो. म्हणून अनेक जण लिहितात, "खर्ज भरदार ऐकू येतो, म्हणजे बेस खोल आहे." तसे ठरवता येत नाही. जवारीमुळे (तार घोडीला घासून उठणाऱ्या झणत्कारामुळे) तानपुऱ्यात वरच्या स्वरांशांची, म्हणजे मूळ स्वरासोबत वाजणाऱ्या वरच्या वारंवारतांची, इतकी रेलचेल असते की मूळ ६९ हर्ट्झचा भाग स्पीकरने जवळजवळ गाळला तरी वरच्या स्वरांशांवरून मेंदू तो खर्ज स्वतः भरून काढतो. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरवरही खर्ज ओळखू येतो तो यामुळेच. तानपुऱ्यावरून तपासायचे ते मधल्या आणि वरच्या पट्टीचे: जवारी उलगडताना स्वरांश एकामागून एक वेगळे सुटे होतात, की सगळ्यांचा मिळून एक झणझणाट होतो. खोल बेससाठी पखवाज, डग्गा किंवा आजच्या चित्रपट संगीतातला सिंथेसायझर जास्त उपयोगी.

७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून आलेली जुनी गाणी मला जीव की प्राण आहेत, पण त्यांवरून ट्रेबलबद्दल काहीही लिहू नये. वरची पट्टी त्यांत मुळातच नाही. तिथे जे "एअर" वाटते ते बहुधा तबकडीचे खरखरणे असते.

पीअरसन यांची कसोटी आपल्याला कितपत लागू पडते, हाही प्रश्न आहे. पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात आपण जे ऐकतो ते ध्वनिवर्धकातून आलेले असते. "प्रत्यक्ष मैफिलीसारखा आवाज" असे लिहिताना लेखकाच्या मनात कोणती मैफल आहे? मंडपातली, की घरगुती बैठक, जिथे गवई चार हातांवर बसलेला असतो? बैठक ऐकलेल्या, किंवा स्वतः तबला, पेटी वाजवणाऱ्या माणसाकडे लाखाच्या उपकरणांपेक्षा मोलाची गोष्ट असते. त्याने ती परीक्षणात जरूर वापरावी.

आणखी एक विश्वासार्ह कसोटी म्हणजे माणसाचे साधे बोलणे. बीबीसीचे अभियंते मॉनिटर स्पीकर तयार करताना स्टुडिओत बोलणाऱ्याचा प्रत्यक्ष आवाज आणि स्पीकरमधून येणारा आवाज ताडून पाहत असत. बोलण्यातली खोट कानाला लगेच कळते. हौशी परीक्षणांत हे फारसे कुणी करत नाही, आणि त्याला पैसाही लागत नाही.

ग्राफ मिळतो तर लेख वाचायचाच कशाला?

ग्राफ (कोणती वारंवारता किती जोरात वाजते याचा मोजलेला आलेख) आणि लेख दोन्ही वाचा, आणि एकाने दुसऱ्याला तपासा. "ट्रेबल मऊ आहे" असे लेखक म्हणतो आणि ग्राफमध्ये ६ किलोहर्ट्झला मोठा सुळका दिसतो, तर त्याला विचारा. कदाचित त्याने वेगळे इयरटिप वापरले असतील. कदाचित त्याने कमी आवाजात ऐकले असेल. कदाचित त्याने नीट ऐकलेच नसेल.

ग्राफलाही मर्यादा आहेत. इयरफोन कृत्रिम कानात बसवून मोजतात, आणि प्रचलित कृत्रिम कानात ८ किलोहर्ट्झच्या आसपास एक अनुनाद येतो, जो इयरफोन किती आत बसवला यावर सरकतो. त्याच्या वरच्या भागात ग्राफ आणि तुमचा कान यांचे जुळेलच असे नाही. कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर; तिच्यामुळे ३ किलोहर्ट्झजवळ नैसर्गिक उठाव येतो, आणि तोही माणसागणिक थोडा वेगळा. आज जिकडेतिकडे दिसणारी हार्मन टार्गेटची रेघ हार्मन या ध्वनी-उपकरण कंपनीचे संशोधक शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांतून २०१३च्या सुमारास पुढे आली. बहुसंख्य श्रोत्यांची सरासरी पसंती ती दाखवते. तुम्हाला काय आवडायला हवे याचा नियम तिच्यात नाही.

मोजमापे करणाऱ्यांचे लेखनही नेहमी चांगले असते असे नाही. डॅकची क्रमवारी लावताना (गोंगाट आणि विकृती मूळ आवाजाच्या किती डेसिबल खाली आहेत, या मापावर) ११० डेसिबलवाल्याला खाली आणि १२० वाल्याला वर ठेवायचे, आणि वरच्याला "स्वच्छ" म्हणायचे, ही मोठी गल्लत आहे. १६ बिट सीडीची स्वतःची मर्यादाच सुमारे ९८ डेसिबल आहे. तिच्यापलीकडचा फरक अभियांत्रिकी कौशल्य म्हणून जरूर नोंदवा. पण "स्वच्छ" हा कानाचा शब्द आहे, आणि तिथे कानाने काही ऐकलेले नसते.

महागडी, नामांकित वस्तू खरोखरच चांगली वाजते, की तसे वाटते?

दोन्ही होते, आणि डोळे उघडे असताना त्यांतला फरक करता येत नाही. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये यावरचा प्रयोग मांडला. ४० श्रोते आणि चार स्पीकर. त्यांतला एक छोटा, स्वस्त, सबवूफरसह येणारा संच होता. स्पीकर दिसत असताना मोठ्या, महागड्या स्पीकरना भरघोस गुण मिळाले आणि छोटा संच खाली गेला. पडद्याआड तेच स्पीकर ऐकवले तेव्हा ती दरी जवळजवळ नाहीशी झाली. मला यातला दुसरा निष्कर्ष जास्त धक्कादायक वाटतो: स्पीकर दिसत असताना खऱ्या फरकांकडेही श्रोत्यांचे दुर्लक्ष होत होते. स्पीकरची जागा बदलल्याने आवाजात पडणारा फरक त्यांनी पडद्याआडून ओळखला. डोळ्यांसमोर असताना तो त्यांच्या गुणांत फारसा उमटला नाही. हे श्रोते हार्मन कंपनीचेच कर्मचारी होते, म्हणजे ध्वनीच्या धंद्यातली माणसे.

म्हणून परीक्षणात किंमत, वजन, धातूची चकाकी यांची वर्णने आधी आणि आवाज नंतर, हा क्रम मला खटकतो. लेखकाच्या कानांवर जो परिणाम आधी झाला, तोच तो वाचकावर करत असतो.

घरी ब्लाइंड टेस्ट करता येते का?

डॅक, ॲम्प आणि फाइल फॉरमॅट यांच्यासाठी येते. सर्वांत महत्त्वाची पायरी म्हणजे आवाजाची पातळी जुळवणे. एक जरासा मोठा असेल तर तो "मोठा" वाटत नाही, "चांगला" वाटतो. घात इथेच होतो. पातळीतला फरक ०.१ डेसिबलच्या आत हवा, म्हणजे साध्या मल्टिमीटरवर व्होल्टेजचा फरक सुमारे एक टक्क्याच्या आत. मग घरातल्या कुणालातरी नाणे उडवून क्रम ठरवू द्या. तो माणूस आणि उपकरणे दोन्ही तुमच्या नजरेआड हवीत. दहा वेळा ओळखायचे असेल तर नऊ बरोबर यायला हवेत; नुसत्या अंदाजाने तेवढे जमण्याची शक्यता सुमारे १ टक्का. सोळांपैकी बारा आले तर अंदाजाची शक्यता ४ टक्क्यांच्या आत येते. फाइलची तुलना करायची असेल तर संगणकावर फूबार २००० हा संगीत वाजवणारा प्रोग्रॅम आणि त्याचे एबीएक्स (दोनपैकी कोणती फाइल वाजते ते न बघता ओळखायला लावणारे) जोडसाधन फुकट मिळते.

हेडफोनचे अवघड आहे, कारण डोक्यावर चढवताच कोणता ते कळते. तिथे निदान पातळी जुळवा आणि परीक्षणात लिहा: "पातळी जुळवून, पण बघून ऐकले." एवढ्या एका वाक्यानेही मोठा फरक पडतो.

केबल, बर्न-इन (नवी वस्तू बरेच तास वाजवली की आवाज सुधारतो, हा समज) यांवर परीक्षणे लिहावीत का?

वर सांगितलेली चाचणी करून लिहिणार असाल तर जरूर. न करता लिहिणार असाल तर कृपया नको. या विषयावरच्या वाङ्मयाचा बहुतांश भाग मी आता वाचत नाही.

मात्र सरसकट "सगळे भ्रम" म्हणणेही चूक. अनेक ड्रायव्हर (आवाज काढणारे घटक) असलेल्या इयरफोनचा रोध (इम्पीडन्स) वेगवेगळ्या वारंवारतेला वेगळा असतो. ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स जास्त असेल तर टोनमध्ये मोजता येणारा फरक पडतो. बर्न-इन म्हणून जे सांगतात त्यात कानाच्या गाद्या दबून बसणे, इयरटिप नीट बसू लागणे, आणि मुख्य म्हणजे ऐकणाऱ्याला सवय होणे, हे सगळे असते. सील (टिपने कानाची नळी बंद होणे) जरा सुटले तरी बेस नाहीसा होतो. "पन्नास तासांनी बेस उघडला" लिहिणाऱ्याने आधी टिप बदलून पाहिले होते का, हे विचारावे.

नावाजलेले समीक्षकही फसतात. मग कानांना काय अर्थ राहिला?

हा प्रश्न सहसा मोबाइल फिडेलिटीच्या प्रकरणावरून येतो. ही अमेरिकन कंपनी जुन्या टेपवरून महागड्या तबकड्या काढते. संपूर्ण ॲनालॉग प्रक्रियेतून आलेल्या, असा लोकांचा समज होता आणि त्यासाठी ते जास्त पैसे मोजत. २०२२च्या उन्हाळ्यात ॲरिझोनातल्या फीनिक्सच्या एका रेकॉर्ड दुकानदाराने हे चव्हाट्यावर आणले, आणि कंपनीच्या अभियंत्यांनी मान्य केले की मधे डीएसडी ही डिजिटल पायरी आहे, आणि अनेक तबकड्यांसाठी ती २०११ पासून वापरली जात होती. खटला झाला, आणि २०२३ मध्ये अडीच कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटला. त्या तबकड्यांना अनेक जाणकारांनी डोक्यावर घेतले होते.

माझे मत असे: "ही तबकडी सुंदर वाजते" हे त्यांचे विधान अजूनही उभे आहे. तबकड्या खरोखर सुंदर होत्या, टेप चांगल्या होत्या, कटिंग काळजीपूर्वक केलेले होते. कोसळले ते दुसरे विधान: "सुंदर वाजते, *कारण* मधे डिजिटल काही नाही." कान पहिल्या विधानाची साक्ष देऊ शकतो; दुसऱ्याची देऊ शकत नाही. हौशी परीक्षणांत ही दोन विधाने सर्रास एकात मिसळतात. आवाज उबदार आहे कारण ॲम्प व्हॅक्यूम ट्यूबचा आहे. वेगवान आहे कारण ड्रायव्हर प्लॅनर (सपाट पडद्याचा) आहे. मोकळा आहे कारण चांदीची तार आहे. "कारण"च्या आधीचा भाग तुमचा अनुभव असतो. नंतरचा भाग बहुतेकदा कंपनीच्या माहितीपत्रकातला असतो, आणि लिहिणाऱ्याला हे जाणवतही नाही. "कारण" हा शब्द आला की थांबून स्वतःला विचारावे: हे मला कसे कळले?

कंपनीकडून फुकट मिळालेल्या वस्तूवर लिहिले तर चालते का?

चालते, पण सांगून. भारतात हा आता केवळ सौजन्याचा विषय राहिलेला नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, २०२२ची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची मार्गदर्शक तत्त्वे, आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये दिलेल्या सूचना या सगळ्यांचा रोख एकच आहे. पैसेच मिळाले पाहिजेत असे नाही. फुकट वस्तू, सवलत, सहल, बक्षीस हेही आर्थिक हितसंबंधात धरले जातात, आणि ते ठळकपणे, साध्या भाषेत सांगायचे असतात. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी शिफारस करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत, आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद कायद्यात आहे.

लेखाच्या तळाशी बारीक अक्षरांत "युनिट कंपनीचे, मते माझी" असे लिहिणे मला पुरेसे वाटत नाही. पहिल्या परिच्छेदात सांगा: वस्तू कुणी दिली, परत करायची की ठेवायची, खरेदीच्या लिंकवर कमिशन आहे का. काही हौशी गटांत एकच संच कुरिअरने एकाकडून दुसऱ्याकडे फिरतो आणि शेवटी परत जातो. ही पद्धत मला सर्वांत निरोगी वाटते, कारण वस्तू ठेवायचा मोह राहत नाही आणि एकाच नगावर अनेकांची मते मिळतात.

समीक्षक आणि कंपनी यांच्यातली सीमा पुसट होण्याचे नवे रूप म्हणजे सहकार्याने केलेले ट्यूनिंग: इयरफोनचा आवाज कसा असावा हे समीक्षकच कंपनीसोबत ठरवतो. क्रिनॅकल या टोपणनावाने लिहिणाऱ्या सिंगापूरच्या समीक्षकाची इयरफोनची यादी जगभर वाचली जाते. मूनड्रॉप कंपनीच्या ब्लेसिंग २ डस्क या इयरफोनचे ट्यूनिंग त्याचे आहे, आणि हे उघडपणे सांगितलेले आहे. त्याच्या यादीत टोन आणि तांत्रिक क्षमता यांना वेगळे गुण असतात, ही मला आवडणारी गोष्ट. कुठे गुण का कापले ते कळते. तरीही जो यादी करतो तोच यादीतल्या वस्तू घडवतो, तेव्हा वाचकाने दुसरे एखादे मत वाचूनच खरेदी करावी.

बहुतेक परीक्षणे स्तुतीचीच का असतात?

कारण माणूस जे घ्यायचे ठरवतो त्यावरच लिहितो. चार महिने वाट पाहून, पैसे साठवून घेतलेली वस्तू सुमार आहे असे स्वतःशी कबूल करणे जड जाते. कंपनीकडून येणाऱ्याला पुढचे पार्सल बंद होण्याची भीती असते. या दोन्ही गोष्टी माणसाच्या स्वभावातल्या आहेत. त्या नाहीत असे मानून उपयोग नाही.

उपाय लेखनातच आहे. प्रत्येक परीक्षणात एक परिच्छेद असा असावा: ही वस्तू कोणी घेऊ नये. आणि एक थेट तुलना त्याच किमतीच्या, वाचकाला मिळण्याजोग्या वस्तूशी. "या किमतीत सर्वोत्तम" असे लिहायचे असेल तर त्या किमतीतल्या आणखी किती वस्तू ऐकल्या, ते लिहा. बहुतेकांना हे वाक्य खोडावे लागेल. खोडा.

परदेशी परीक्षणे आपल्या घराला लागू पडतात का?

इयरफोनची बरीचशी पडतात. किंमत सोडून: डॉलरमधल्या आकड्यावर आयात शुल्क आणि १८ टक्के जीएसटी चढल्यावर "स्वस्तात मस्त" हा निष्कर्ष कधीकधी पार उलटतो.

स्पीकरची फार कमी पडतात. साधारण २०० ते ३०० हर्ट्झच्या खाली तुम्ही स्पीकरपेक्षा खोलीच जास्त ऐकता. समोरासमोरच्या भिंतींत १० फूट अंतर असेल तर पहिला अनुनाद सुमारे ५६ हर्ट्झला येतो, १२ फूट असेल तर ४७ला. लाकडी सांगाड्याच्या, गालिचा घातलेल्या अमेरिकन दिवाणखान्याच्या भिंती थोडा बेस शोषून घेतात. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये विटा-काँक्रीटच्या भिंती, खाली टाइल्स, वर गरगरणारा पंखा. तिथे "नियंत्रित" म्हटलेला बेस इथे घुमू शकतो, आणि "मोकळा" म्हटलेला ट्रेबल टाइल्सवरून उसळून टोचू शकतो. म्हणून मराठीत स्पीकरवर लिहिणाऱ्यांना माझी आग्रहाची विनंती: खोलीची लांबी-रुंदी, जमीन, पडदे, स्पीकर भिंतीपासून किती अंतरावर, हे लिहाच. आपल्यासारख्या घरांतल्या वाचकांसाठी हे दुसरे कुणी लिहिणार नाही.

मी नवशिका आहे. महागडी उपकरणे ऐकलेली नाहीत. लिहू का?

अवश्य लिहा. आतापर्यंत काय ऐकले आहे ते सांगा, म्हणजे वाचक त्या हिशेबाने घेईल. दोन हजारांचा इयरफोन घेणाऱ्याला दोन लाखांचा इयरफोन ऐकलेल्याचे मत लागतेच असे नाही. त्याला त्याच किमतीतल्या तीन वस्तू लक्ष देऊन ऐकलेला माणूस हवा असतो. उलट, वय वाढते तसे वरच्या पट्टीतले ऐकणे सगळ्यांचेच कमी होत जाते, त्यामुळे ट्रेबलबद्दल विशीतल्या कानांची साक्ष जास्त मोलाची.

मोठ्या आवाजात तासन्‌तास ऐकून परीक्षण करू नका. प्रौढांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे, आणि पातळी वाढते तसे तास झपाट्याने घटतात.

परीक्षण किती लांब असावे?

डब्यात काय काय आले, पिशवीचे कापड कसे आहे, हे दोन ओळींत. आवाजाबद्दल जेवढे सांगण्यासारखे असेल तेवढे. अर्धा लेख खोका उघडण्यात जात असेल तर तो लेख अजून लिहून झालेला नाही.

यंत्राकडून लिहून घेतलेली परीक्षणे कशी ओळखायची?

यंत्राने की माणसाने, या शोधात मी पडत नाही. लेखात एखादे नाव घेऊन सांगितलेले ध्वनिमुद्रण आहे का, त्यातली एखादी विशिष्ट जागा आहे का, कशाशी तुलना केली आहे का, कोणत्या टिप आणि कोणत्या ॲम्पवर ऐकले हे आहे का, एवढे बघतो. यांतले काहीच नसेल तर ते कुणी लिहिले याने मला फरक पडत नाही. ऐकल्याशिवाय लिहिलेले आहे.

नंतर मत बदलले तर जुना लेख काढून टाकावा का?

काढू नका. खाली तारीख घालून नवे मत जोडा आणि कशामुळे बदलले ते सांगा: नवे टिप, नवी खोली, ब्लाइंड टेस्ट, की फक्त नवलाई ओसरली. अनेकदा ही पुरवणीच मूळ लेखापेक्षा जास्त उपयोगी पडते, कारण सहा महिन्यांनी लेखकाला वस्तूशी भांडायचेही नसते आणि तिचे कौतुकही करायचे नसते.

कंपनीने प्रसिद्ध करण्याआधी मजकूर बघायला मागितला तर?

इम्पीडन्स, वजन, किंमत, ड्रायव्हरची संख्या असे तपशील तपासायला जरूर पाठवा; त्यांतली चूक वाचकालाच भोवते. मताचा भाग पाठवू नका. पाठवावाच लागेल अशी अट असेल, तर वस्तू परत करा. पाठवला आणि त्यांनी काही बदल सुचवला, तर तो बदल काय होता हे लेखात लिहा.